लेखनिक कोणी आणायचा?

काही वर्षांपूर्वी बी. ए. च्या परीक्षेत माझ्या वर्गातला एक अंध विद्यार्थी पेपर सुरू झाल्यावरही व्हरांड्यात बसून होता. त्याचा लेखनिक आलाच नव्हता. ठरलेला मुलगा त्या दिवशी रोजावर गेला होता. केंद्रावरून एकच उत्तर मिळाले, "लेखनिक तुझा तू आणायचा." पेपर बुडाला, आणि आपले काही चुकले असे तिथे कोणालाच वाटले नाही.

अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा शिक्षणसंस्थांवर 'वाजवी सोयी'चे बंधन घालतो. पण त्या सोयीच्या व्याख्येतच एक अट आहे: संस्थेवर अवाजवी बोजा पडता कामा नये. संस्थेचा बोजा कायद्याने मोजला. विद्यार्थ्याच्या बोजाचे माप कुठे आहे?

२०१८ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ होता. लेखनिक स्वतः आणावा किंवा परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे मागावा, अशी मुभाही होती. मात्र स्वतः आणलेला लेखनिक शिक्षणाने उमेदवाराहून एक पायरी खालचा हवा होता. या अटीमागे कॉपीचा संशय आहे. सुशिक्षित घरात ही अट सहज पुरी होते. आतेभाऊ असतो, शेजारची बारावीतली मुलगी असते. आमच्या वस्तीत बारावी झालेला, दहा दिवस रोज बुडवू शकणारा मुलगा कुठून आणायचा? माझ्या घरात लिहिणारा पहिला माणूस मीच. मी अंध असतो तर माझा पेपर कोणी लिहिला असता?

११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, चाळीस टक्क्यांचे प्रमाणपत्र नाही एवढ्यासाठी लेखनिक नाकारता येणार नाही. ज्याची त्याची गरज पाहावी लागेल. निकाल मोलाचा आहे. पण परवानगी मिळाली म्हणजे लेखनिक मिळाला असे होत नाही. हा फरक आम्हाला नवा नाही. १९२३ साली बोले ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुले केले, आणि तरीही २० मार्च १९२७ पर्यंत आमची ओंजळ कोरडीच होती.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. लेखनिकांची यादी विद्यापीठाने करावी, मानधन विद्यापीठाने द्यावे, आणि लेखनिक न आल्यास बदली माणूस केंद्राने उभा करावा.

शेवटी एक प्रश्न आपल्यालाच. शिष्यवृत्तीसाठी आपण मोर्चे काढले, वसतिगृहांसाठी उपोषणे केली. पण त्या वसतिगृहाच्या पायऱ्या आपल्यातला कोण चढू शकत नाही, हे आपण कधी विचारले? व्हरांड्यात बसलेला तो मुलगा आपल्याच वस्तीतला होता. त्या दिवशी पर्यवेक्षक म्हणून मीही तिथे होतो, आणि घंटा होताच उत्तरपत्रिका वाटायला आत गेलो.