हाडाची राख आणि हाताचे ज्ञान

रसायनशास्त्राचा एक अध्यापक वर्गात हाडाची पांढरी राख घेऊन येतो. चिमूटभर राख तोंडात टाकतो आणि समोरच्या मुलांना सांगतो की, हे आता हाड राहिले नाही, हे कॅल्शियम फॉस्फेट आहे. ते कोणत्या जनावराचे होते हा प्रश्न भट्टीतच जळून गेला. मुलांपैकी बहुतेक उच्चवर्णीय घरांतली. त्यांच्या मनातला विटाळ काढण्याचा याहून सोपा प्रयोग सापडणे कठीण.

हे अध्यापक म्हणजे कलकत्त्याचे आचार्य प्रफुल्लचंद्र राय. त्यांचा गौरव पुष्कळ झाला आहे आणि तो योग्यच आहे. परंतु ज्यांच्या पिढ्या मेलेली ढोरे ओढण्यात गेल्या, त्यांनी हा प्रयोग कसा वाचावा, हा प्रश्न उरतोच.

राय कायस्थ जमीनदार घराण्यातले, विचाराने ब्राह्मो. एडिंबरोची डी.एस्सी. घेऊन ते परतले आणि १८८९ साली प्रेसिडेन्सी कॉलेजात दरमहा २५० रुपयांवर रुजू झाले. वरची शिक्षणसेवा व्यवहारात गोऱ्यांसाठी राखीव होती. योग्यता असूनही खालच्या पायरीवर बसविले जाण्याचा अनुभव त्यांना होता. १९१६ पर्यंत ते तेथे शिकवीत राहिले व नंतर १९३६ पर्यंत विद्यापीठाच्या सायन्स कॉलेजात. १९२१ साली साठी गाठल्यावर त्यांनी आपला पगार विद्यापीठालाच देऊन टाकला. नावाजलेले प्राध्यापक वरच्या वर्गांच्या मागे धावतात. राय मात्र नवख्या मुलांचे वर्ग मुद्दाम स्वतःकडे घेत आणि पुस्तक वाचून दाखविण्यापेक्षा प्रयोगावर भर देत.

या अध्यापनामागे एक विचार होता. तो त्यांच्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाच्या १९०२ सालच्या पहिल्या खंडात येतो. प्राचीन काळी येथे शवविच्छेदन होते, धातुविद्या होती; मग विज्ञान का आटले? राय सरळ जातिव्यवस्थेकडे बोट दाखवितात. प्रेताचा स्पर्श विटाळ ठरला, तेव्हा शरीरशास्त्र संपले. कारागिरी खालच्या जातींकडे ढकलली गेली, तेव्हा बुद्धिजीवी वर्गाचा पदार्थाशी संबंध तुटला. कसे आणि का, हे विचारणारा हात उरला नाही. ज्या काळात प्राचीन वैभवाची आरती ओवाळणे हीच देशभक्ती होती, त्या काळात हे लिहिणे धाडसाचे होते. आजही आहे.

पण येथेच आमचा मतभेद सुरू होतो. या प्रकरणात राय यांचे दुःख कोणासाठी आहे? या भूमीत बॉईल किंवा न्यूटन निपजला नाही, यासाठी आहे. बुद्धीला हात सोडून गेला, ही त्यांची तक्रार. हाताला बुद्धीचे दार बंद केले गेले, ही दुसरी तक्रार त्यांच्या प्रकरणात दुय्यमच राहते. ढोर समाजातला माणूस चुन्याच्या पाण्यात कातडे भिजवून केस सैल करीत होता आणि बाभळीच्या सालीने ते कमावीत होता. किती दिवस भिजवायचे, साल किती लागेल, पाणी केव्हा बदलायचे, हे त्याला ठाऊक होते. हे निरीक्षणच आहे, हे रसायनच आहे. त्याला नव्हती ती पाटी. त्याचे कौशल्य राय मान्य करतात. परंतु त्या कौशल्याचा धनी वर्गात विद्यार्थी म्हणून बसलेला त्यांच्या लेखनात दिसत नाही. जातिव्यवस्था केवळ कामे वाटत नाही, तर काम करणाऱ्या माणसांची उतरंड लावते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली मांडले. राय यांच्या विचाराला तेथपर्यंत जावयाचे होते. तो अर्ध्या वाटेवर थांबला.

राय यांनी औषधांचा कारखाना उभारताना खाटकांकडून पोत्यांनी हाडे आणून घराच्या गच्चीवर वाळविली. कावळ्यांनी ती शेजाऱ्यांच्या घरांवर टाकली आणि ओरड झाली, असे ते आत्मचरित्रात सांगतात. त्यांच्यासाठी हाड उचलणे हे बंड होते. आमच्या लोकांना १९२७ साली महाडला मृतमांस सोडण्याची हाक मिळाली. आमच्यासाठी हाड टाकणे हे बंड होते. ही दोन्ही बंडे एकाच व्यवस्थेविरुद्ध आहेत. पण पहिल्याने प्रतिष्ठा पणाला लावली आणि दुसऱ्याने पोट. हा फरक विसरून दोघांना एका मापाने मोजता येणार नाही.

राय यांचा एक विद्यार्थी होता मेघनाद साहा. ढाक्याजवळच्या खेड्यातील लहान दुकानदाराचा मुलगा, हलकी मानलेली जात. १९११ साली तो प्रेसिडेन्सीत आला. वसतिगृहात त्याला उच्चवर्णीय मुलांपासून वेगळे जेवावे लागले. सरस्वतीपूजेच्या वेळी त्याला दूर ठेवले गेले. हाडाच्या राखेला जात नसते हे वर्गात सिद्ध होत होते आणि त्याच संस्थेच्या पंगतीत माणसाला जात होती. १९२० साली याच साहांनी ताऱ्यांच्या तापमानाचे गणित जगापुढे ठेवले. एका अध्यापकाच्या निर्मळपणाने संस्था निर्मळ होत नाही, हे या प्रसंगातून शिकावयाचे.

तेव्हा राय यांना नाकारावयाचे नाही आणि देव्हाऱ्यातही बसवावयाचे नाही. त्यांचे निदान उचलावयाचे आणि राहिलेले अर्धे काम आपण करावयाचे. आज विज्ञान शिकविणाऱ्या आपल्या शिक्षकांनी प्रॅक्टिकलच्या वेळी एकदा वर्गाकडे पाहावे. उपकरणाला हात कोण लावतो आणि मागे उभा राहून दुसऱ्याच्या वहीतून आकडे कोण उतरवितो? काचेची नळी फुटेल, दंड भरावा लागेल, या भीतीने कोणाचा हात आखडतो? तो आखडलेला हात बहुधा त्याच घरातला असतो जेथे पिढ्यान्‌पिढ्या कातडे, माती आणि लोखंड हाताळले गेले. त्या हातात परीक्षानळी द्यावी, आणि त्याच्या आजोबांना जे माहीत होते त्याला रसायनशास्त्र म्हणतात, हे त्याला सांगावे.