असई अधिक शंभर

युद्धाने मोडलेल्या मुलखाचे भविष्य कथेत कसे लिहावे, या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे मला महत्त्वाची वाटतात. एक डॉ. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत आहे. दुसरे हसन ब्लासिम यांनी संपादित केलेल्या ‘इराक + १००’ (२०१६) या इराकी लेखकांच्या संग्रहात आहे. या दोन्हींची कसोटी आपल्या जालना जिल्ह्यातील असईवर घेता येते.

नारळीकरांची कथा एका गोळीवर उभी आहे. १७६१ मध्ये पानिपतावर ती विश्वासरावांना लागत नाही आणि मराठे जिंकतात. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा मुंबईत येऊन पोहोचतात, जिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदते आहे. बाकीचा देश मात्र कधी गुलाम झालाच नाही. क्वांटम सिद्धांताशी घातलेली सांगड चोख आहे आणि कथा आजही वाचकाला धरून ठेवते. पण तिचा मूळ प्रश्न ‘आपण जिंकलो असतो तर?’ हाच राहतो. त्यामुळे तिच्यातले भविष्य राज्यकर्त्यांच्या शहाणपणाचे होते. त्यात ग्रंथालय दिसते, सभेचे मैदान दिसते. शिवार दिसत नाही.

इराकी लेखकांपुढची अट वेगळी होती. २००३ च्या आक्रमणानंतर शंभर वर्षांनी, म्हणजे २१०३ मध्ये, आपले गाव कसे असेल? संग्रहात दहा कथा आहेत. अली बदर यांच्या कथेत २००३ मध्ये मारला गेलेला सैनिक शंभर वर्षांनी परततो. इराक शांत आणि प्रगत झालेला असतो, अमेरिका धर्मांधांच्या हाती गेलेली असते, आणि संशय घेतला जातो तो या सैनिकावरच. खालिद काकी यांच्या किर्कुकमध्ये जुन्या भाषांतली गाणी ऐकणे हाच गुन्हा आहे. सगळ्या कथा सारख्या ताकदीच्या नाहीत. काही ठिकाणी उपहास कथेला गिळून टाकतो. तरीही पराभव इथे गृहीत धरलेला आहे आणि कथा त्याच्या पुढे सुरू होते. हा फरक मला मोलाचा वाटतो.

आता असईकडे येऊ. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. ‘शिंदे जिंकले असते तर’ अशी कथा सहज लिहिता येईल. पण ‘असई + १००’ लिहिली, तर १९०३ साल काय दाखवते? जिंकली कंपनी, पण सुर्जी-अंजनगावच्या तहानंतर शिंद्यांचे जालना गेले निजामाकडे. १९०३ पर्यंत जालन्यातून आगगाडी धावू लागली होती आणि कारभाराची भाषा उर्दू झाली होती. घरात मराठी, कचेरीत उर्दू. हे भविष्य जय आणि पराजय या दोन खणांत बसत नाही. काकींची किर्कुकची कथा मराठवाड्याच्या वाचकाला परकी वाटत नाही, ती यामुळेच.

वेलस्लीने पुढे सांगितलेली एक गोष्ट इथे लक्षात घ्यावी. वाटाड्ये म्हणत होते, जवळपास नदीला उतार नाही. त्याला मात्र दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली. गावे अशी वसली आहेत म्हणजे लोकांची येजा असणार, म्हणजे उतार असणारच, असा तर्क त्याने केला. तो खरा ठरला आणि फौज पार झाली. सोयरीक, बाजार, गुरेढोरे यांनी पाडलेली वाट युद्धाच्या कामी आली.

आपल्या इतिहासाने त्या वाटेवरून गेलेली फौज लक्षात ठेवली. विज्ञानकथेने तरी ती वाट पाडणाऱ्यांचा विचार करावा. लढाईनंतर दुसऱ्या दिवशी त्या उतारावरून कोण गेले, आणि शंभर वर्षांनी कोण जात होते? पुढची शंभर वर्षे लिहिणाऱ्याला सेनापतीपेक्षा ही माणसे अधिक उपयोगी पडतील, असे मला वाटते.