‘स्टेशनपासून ५ मिनिटांवर’: एका वाक्याची समीक्षा



समीक्षेचं व्याख्यान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कादंबरी येते, नाटक येतं, फार तर सिनेमा येतो. आज आपण जो मजकूर घेणार आहोत तो यांपैकी कशातच बसत नाही. पण मुंबई, ठाणे, पालघर, रायगड या पट्ट्यातला मध्यमवर्ग जो मजकूर सगळ्यात बारकाईनं वाचतो, नवराबायकोनं मिळून वाचतो, पेन्सिलीनं खुणा करून वाचतो, तो हाच. घराची जाहिरात. वीस वर्षांचं कर्ज त्या वाचनावर उभं राहतं. एवढं वजन आपल्या कुठल्याही कवितेवर पडत नाही, आणि तरी त्याची समीक्षा कोणी करत नाही.

त्यातलंही एकच वाक्य घेऊ. ‘स्टेशनपासून ५ मिनिटांवर.’ व्याकरणाच्या दृष्टीनं बघा, यात कर्ता नाही आणि क्रियापदही नाही. कोण जाणार? चालत, रिक्षानं, की बिल्डरच्या गाडीनं रात्री अकरा वाजता? कुठून निघायचं, प्रकल्पाच्या कमानीपासून की चौदाव्या मजल्यावरच्या दारापासून? सकाळी आठला लिफ्ट येईपर्यंतची मिनिटं कोणाच्या खात्यात? आणि पोचायचं कुठे? स्टेशनच्या हद्दीला, की ज्या प्लॅटफॉर्मवर आपली गाडी लागते तिथे? मध्ये पूल आहे, त्याला पायऱ्या आहेत, त्या पायऱ्यांवर समोरून एक अख्खी गाडी रिकामी होऊन येते आहे. कर्ता गाळला की हे सगळे प्रश्न गळून पडतात. वाक्य छोटं झालेलं नाही, ते सोयीस्कर झालेलं आहे.

आता कोणी म्हणेल, मग मिनिटं नकोत, किलोमीटर लिहा. कायद्यानं कार्पेट एरियाचं तसं केलंच ना? २०१६ च्या रेरा कायद्यानं ‘सुपर बिल्ट-अप’च्या धुक्यातून आपल्याला बाहेर काढलं, हे मान्य करायला हवं. त्याच कायद्याच्या बाराव्या कलमात खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरणाऱ्याला भरपाईची तरतूदही आहे. पण चौरस फूट खोटा ठरवता येतो, ‘पाच मिनिटं’ खोटी कशी ठरवणार? जे वाक्य कोणाबद्दल बोलतं हेच सांगत नाही, ते खोटं ठरत नाही. आम्ही तत्त्वज्ञानवाले अशा वाक्यांना फार घाबरतो.

आणि किलोमीटर लिहूनही प्रश्न सुटत नाही. मार्टिन हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञाचा ‘झाइन उंड त्साइट’ हा ग्रंथ १९२७ चा. त्यात जवळ आणि दूर यांची फार मार्मिक चर्चा आहे. नाकावरचा चष्मा मापानं सगळ्यात जवळ, पण माणसाच्या दृष्टीनं समोरच्या भिंतीवरचं चित्र त्याहून जवळ असतं. पायाखालचा रस्ता पायाला टेकलेला असतो, तरी वीस पावलांवर दिसलेला ओळखीचा माणूस जास्त जवळ असतो. म्हणजे जवळपणा मोजपट्टीवर नसतो, तो आपल्या करण्यात आणि गुंतण्यात असतो. ‘पाइप ओढून होईपर्यंतचं अंतर’ यासारखे बोलीतले अंदाज हायडेगरला अडाणी वाटत नाहीत, त्यांना स्वतःची एक निश्चिती आहे असं तो म्हणतो. मराठीत आपल्याकडे ‘हाकेच्या अंतरावर’ आहेच. किती सुंदर माप! यात हाक मारणारा आहे, ऐकणारा आहे, दोघांचं नातं आहे. जाहिरातवाल्यांनी तेही उचललं. ‘हाकेच्या अंतरावर स्टेशन’! स्टेशनकडून जी हाक येते ती ‘गाडी उशिरानं धावत आहे’ अशी असते, हा भाग वेगळा.

आता हा विचार घेऊन प्रत्यक्ष रुळांवर उतरू. डोंबिवली घ्या. सीएसएमटीपासून अठ्ठेचाळीसेक किलोमीटर. फास्टनं तासाभराहून थोडं जास्त, स्लोनं त्याहून बरंच. पण खरा प्रश्न मिनिटांचा नाही, गाडीत पाय ठेवायला मिळतो का, हा आहे. स्टेशनजवळ असणं आणि गाडीजवळ असणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि जाहिरात या दोघींना एकच नाव देते. जिथून गाडी सुटते त्या स्टेशनजवळचं घर आणि जिथे ती भरून येते त्या स्टेशनजवळचं घर, भाव सारखा असला तरी वस्तू वेगळ्या आहेत. म्हणून तर माणसं सकाळी आधी उलट्या दिशेनं जातात, मागच्या स्टेशनवर जागा पकडतात आणि स्वतःच्याच स्टेशनवरून बसून पुढे जातात. पाच मिनिटांवर राहणारा माणूस अर्धा तास मागे जातो! विरार फास्टमध्ये बोरिवलीला उतरायला चढलेल्या माणसाला जे ऐकावं लागतं, तेही हेच सांगतं. फलाटावर उभं राहण्याचा हक्क सगळ्यांना, गाडीवरचा हक्क मात्र सवयीनं आणि संख्येनं ठरतो.

दिव्याचं उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारं आहे. स्टेशनला अगदी लागून वस्ती, घरं तुलनेनं स्वस्त, आणि वर्षानुवर्षं फास्ट गाड्या समोरून निघून जायच्या. २ जानेवारी २०१५ ला तिथे प्रवाशांचा उद्रेक झाला. पुढे फास्टचा थांबा मिळाला, २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिकाही आली. तरी ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं समोरच्या गाडीतल्या लटकलेल्यांवर घासून खाली पडली, काही जीव गेले. त्या माणसांपैकी किती जणांनी ‘स्टेशनपासून जवळ’ म्हणून घर घेतलं असेल? आकडा माहीत असण्याची गरज नाही. त्या वाक्यानं त्यांना काय सांगितलं नव्हतं, ते आपल्याला दिसतं.

अर्थशास्त्रज्ञांकडे या सगळ्याचं एक नीटनेटकं उत्तर आहे. विल्यम अलोन्सो यांच्या १९६४ च्या पुस्तकापासून ते शिकवलं जातं. माणूस शहराच्या मध्यापासून जसा दूर जातो तसं जागेचं भाडं कमी होतं आणि प्रवासखर्च वाढतो, आणि जिथे दोन्हींचा मेळ बसतो तिथे तो राहतो. म्हणजे लांबच्या प्रवासाची भरपाई स्वस्त, मोठ्या घरातून होते. पुढे ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर या दोघांनी जर्मनीतल्या घरांची माहिती घेऊन तपासलं, तर लांबून येणारी माणसं कमी समाधानी निघाली. भरपाई होतच नव्हती. त्यांनी याला प्रवासाचा विरोधाभास म्हटलं.

आमच्या मते विरोधाभास तेव्हाच, जेव्हा आपण आधी ‘निवड’ गृहीत धरतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. त्यानंतर गिरणगावातली किती कुटुंबं खोली विकून डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरारकडे गेली! त्यांनी भाडं आणि प्रवास यांचा आलेख काढला नव्हता. त्यांना शहरानं बाहेर ढकललं, आणि जिथे रूळ होते तिथे ती जाऊन थांबली. पुढे त्याच गिरण्यांच्या जमिनीवर कचेऱ्या उभ्या राहिल्या आणि त्यांचीच मुलं लोकलनं तिथे कामाला येऊ लागली. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. परिसर बदलला होता, पूल जुन्याच काळात राहिला होता. स्टेशनच्या नावाचं त्यानंतर वर्षभरात प्रभादेवी झालं, नावं लवकर बदलतात.

दोन चित्रपट इथे आठवल्याशिवाय राहत नाहीत. भीमसेन यांचा ‘घरौंदा’ १९७७ चा. अमोल पालेकर आणि झरीना वहाब यांची जोडी पै-पै साठवते, बिल्डर पैसे बुडवतो, आणि मग फ्लॅटच्या ओढीनं प्रेमाचाच सौदा होऊ लागतो. त्याचा प्रश्न ‘घर मिळेल का?’ हा आहे. निशिकांत कामत यांचा ‘डोंबिवली फास्ट’ २००५ चा. तिथे घर मिळालेलं आहे. बँकेतला माधव आपटे, बायको, दोन मुलं, सगळं जागच्या जागी, आणि माणूस मात्र आतून तुटत चाललेला. सुरुवातीचा भाग, त्याच दिनक्रमाची ती पुनरावृत्ती, या चित्रपटातला सर्वात खरा भाग आहे. पुढे तो भ्रष्टाचाराविरुद्धच्या हाणामारीकडे वळतो आणि आमच्या मते तिथेच सोप्या वाटेला लागतो. माधवचा शत्रू पाण्याचा टँकरवाला नाही, लाच खाणारा नाही. त्याच्या आयुष्यातले रोजचे तीन तास कोणी घेतले, हा प्रश्न होता. त्या प्रश्नाला बॅटनं झोडता येत नाही, म्हणून चित्रपटानं तो सोडून दिला.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. जवळ, पण कोणाच्या? जाहिरातीतल्या त्या गाळलेल्या कर्त्याला आपण नकळत एक चेहरा देतो, तो सकाळी बॅग घेऊन निघणाऱ्या पुरुषाचा. पण कामावरून येणारी बाई स्टेशनबाहेर निवडलेली भाजी घेते, पाळणाघरातून मूल उचलते, मग घरी येते. तिच्या दृष्टीनं जवळपणा म्हणजे स्टेशन, भाजी, पाळणाघर एकाच वाटेवर असणं. स्टेशन पाच मिनिटांवर आणि पाळणाघर रुळांच्या पलीकडे असेल तर तिचं घर लांबच. घरी राहणाऱ्या सासूबाईंना स्टेशनची जवळीक म्हणजे रिक्षांचे हॉर्न आणि पहाटेपासूनची उद्घोषणा. शिवाय पूर्व-पश्चिम हा आपल्याकडचा मोठा भेद. डोंबिवलीचा कोपर पूल २०१९ मध्ये धोकादायक म्हणून बंद झाला, नवा २०२१ मध्ये खुला झाला. दोन वर्षं गावाचे दोन भाग एकमेकांपासून लांब गेले, आणि नकाशावर एक मीटरसुद्धा हललं नव्हतं.

आणि वेळेचं काय? कर्ज वीस वर्षांचं, नोकरी तिथे वीस वर्षं राहील असं कोण सांगतो? फोर्ट, नरिमन पॉइंटची कचेरी वांद्रे-कुर्ला संकुलात गेली, कोणाची पवईला, कोणाची ऐरोली-महापेला. २००४ मध्ये ठाणे-वाशी मार्ग सुरू झाला तेव्हा कितीतरी घरं एका रात्रीत ‘जवळ’ आली. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून निघाली तेव्हा ठाणे हे शेवटचं टोक होतं, आज लोक ठाण्याला नोकरीला येतात. म्हणून आमचं मत विचाराल तर स्पष्ट सांगतो. एखाद्या नोकरीला जवळ पडणाऱ्या छोट्या स्टेशनपेक्षा जिथे दोन दिशा फुटतात अशा जंक्शनपासून पंधरा मिनिटं चालत असलेलं घर बरं. ते जाहिरातीत कमी शोभतं. पण नोकरी बदलली तर ते घर तुम्हाला दगा देत नाही. आणि ‘प्रस्तावित मेट्रो’ या शब्दांना भाव देऊ नका. प्रस्तावित गाडीत कोणी बसत नाही.

घर बघायला बिल्डर रविवारी बोलावतो. रविवारी जरूर जा, चहा प्या. पण टोकन देण्याआधी एकदा सोमवारी जा, जुलैत, सकाळी पावणेआठला, छत्री घेऊन. एकटे जाऊ नका, घरातल्या ज्या माणसाचे गुडघे दुखतात त्याला बरोबर न्या. इमारतीच्या दारापासून प्लॅटफॉर्मवर महिलांचा डबा लागतो त्या खुणेपर्यंत चाला. पहिली गाडी सोडावी लागते का बघा, दुसरी सोडावी लागते का बघा. परत येताना सासूबाईंना पूल चढायला किती थांबे लागले, ते मोजा. आणि संध्याकाळी साडेआठला शेअर रिक्षाच्या रांगेत एकदा उभे राहा.

आता प्रश्न घेऊ. मागे कोणीतरी हात वर केला होता, पुनर्विकासाबद्दल असावा असं वाटतं. बोला.