विकलांगता : पात्रांची सूची आणि कथनाचा प्रश्न

साहित्यातील विकलांगतेवर पीएच.डी.चा प्रबंध लिहू पाहणाऱ्या मराठी अभ्यासकापुढे बहुधा एक तयार चौकट असते. आरंभी व्याख्या व कायदा, पुढे अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग अशा वर्गवारीने पात्रांची नोंद, अखेरीस सहानुभूतीची शिफारस. ही वर्गवारी शासनाची आहे. १९९५च्या कायद्यात ७ प्रकार होते, २०१६च्या कायद्यात ते २१ झाले. आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४० टक्के विकलांगता प्रमाणित व्हावी लागते. हक्कांच्या दृष्टीने हे आवश्यकच. समीक्षेने मात्र पात्रांना प्रमाणपत्रे वाटण्याचे कारण नाही.

डेव्हिड मिचेल आणि शॅरन स्नायडर यांनी ‘नॅरेटिव्ह प्रॉस्थेसिस’ (२०००) या ग्रंथात वेगळा प्रश्न उपस्थित केला : कथनाला व्यंगाची गरज का भासते? त्यांच्या प्रतिपादनानुसार विकलांग देह कथनाला टेकू पुरवतो. तो पात्राला वेगळेपण देतो, अमूर्त आशयाला रूपक मिळवून देतो. त्या देहाचे सामाजिक जगणे मात्र कथेबाहेरच राहते.

धृतराष्ट्राच्या संदर्भात ही संकल्पना तपासण्याजोगी आहे. महाभारतात अंधत्वामुळे त्याला डावलून राज्य पांडूकडे जाते. म्हणजे मूळ प्रश्न अधिकाराचा आहे. मराठी जनमानसात उरला तो पुत्रमोहाने आंधळा झालेला पिता. डावलले गेल्याचा सल विरतो आणि डोळ्यांचे अंधत्व नीतीच्या अंधत्वाचे चिन्ह बनते. लक्षणीय बाब अशी, की महाभारत त्याला ‘प्रज्ञाचक्षू’ही म्हणते, आणि हेच विशेषण मराठीत गुलाबराव महाराजांना (१८८१–१९१५) गौरवाने लावले जाते. एकाची निंदा, दुसऱ्याची स्तुती. प्रत्यक्ष डोळ्याविषयी दोन्हीकडे मौन. ‘दिव्यांग’ हा अलीकडचा शासकीय शब्द याच परंपरेतला.

नसीमा हुरजूक यांच्या आत्मकथनाचे शीर्षक ‘चाकाची खुर्ची’ असे आहे. ते एका वस्तूचे नाव आहे, आणि ही वस्तू पायरीपाशी अडते. विकलांगता देहात किती आणि पायरीत किती, हा प्रश्न त्या शीर्षकापासूनच सुरू होतो. ‘जिद्दीची कहाणी’ या शेऱ्याने त्याचे उत्तर मिळत नाही. उलट पायरी नजरेआड होते. आणि या पुस्तकाची नोंद ‘अस्थिव्यंग पात्रे’ या प्रकरणात करणारा प्रबंध तर लेखिकेलाच पात्र करून टाकतो.