‘ध’चा ‘मा’ आणि राघोबाची महत्त्वाकांक्षा

राजकारण्याच्या हातून पाप घडले की त्याच्या बायकोकडे बोट दाखवायचे, ही आपल्या समाजमनाची जुनी खोड आहे. मराठीत तर तिचा वाक्प्रचारच झाला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. राघोबादादांनी ‘धरावे’ लिहिले होते, आनंदीबाईंनी त्याचे ‘मारावे’ केले, असे सांगितले जाते. ग्रँट डफने १८२६ साली ही सर्वत्र प्रचलित समजूत म्हणून नोंदवली आणि पुढे समजूतच इतिहास होऊन बसली.

कृ. प्र. खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ (१९०९) बलदंड नाटक आहे, यात शंका नाही. त्यातली आनंदीबाई लेडी मॅकबेथची धाकटी बहीण शोभते. डळमळणाऱ्या नवऱ्याला ती गादीकडे ढकलते. (त्या काळी ही भूमिका पुरुषच करीत, हेही ध्यानात ठेवलेले बरे.) पुढे १९४४ च्या ‘रामशास्त्री’ चित्रपटात ललिता पवारांनी आनंदीबाई उभी केली आणि तो चेहरा लोकांच्या मनात पक्का बसला.

बाईला महत्त्वाकांक्षा होती, याला आमचा मुळीच आक्षेप नाही. नवरा पेशवा व्हावा असे तिला का वाटू नये? आक्षेप आहे तो तिच्या महत्त्वाकांक्षेआड राघोबांची महत्त्वाकांक्षा लपते याला. शेक्सपिअर अशी सवलत देत नाही. चेटकिणींचे भाकीत ऐकताच मॅकबेथच्या मनात खुनाचा विचार डोकावतो. बायकोच्या हाती पत्र पडते ते नंतर. राघोबांचे तरी काय? १७६२ मध्ये पुतण्या माधवरावांविरुद्ध ते आळेगावला लढले. १७६८ मध्ये धोडपला हरले आणि नजरकैदेत पडले. दहा-अकरा वर्षे धुमसणारी ही आग एका अक्षराने कशी पेटेल? आमच्या मते बायकोचा वाटा असलाच तर तो फुंकर घालण्याचा. निखारा राघोबांचा स्वतःचा.

गाद्यांच्या भांडणात दोष वाहायला दोघे हाताशी असतात. एक बायको, दुसरा भाडोत्री शिपाई. सुमेरसिंग, खरकसिंग, महमद युसुफ आणि त्यांना सामील झालेला तुळाजी पवार यांचा गुन्हा कोण नाकारील? पण ‘गारदी’ म्हणजे मारेकरी एवढेच मराठी मनात उरले. १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढून जीव गमावणारा इब्राहिमखानही गारदीच होता.

मार्च १७७५ मध्ये राघोबांनी सुरतेला इंग्रजांशी तह केला आणि साष्टी-वसई देऊ केली. आनंदीबाई तेव्हा धारेला होत्या. जानेवारीतच तिथल्या किल्ल्यात त्यांच्या पोटी बाजीराव जन्मला होता. या तहातले एखादे अक्षर त्यांनी बदलले, अशी आख्यायिका मात्र आमच्या ऐकिवात नाही.