साठ ते सत्तर टक्के, पण कशाचे? : क्लास-जे पेपर वाचताना

वाइडबँड पॉवर अॅम्प्लिफायरवर काम करायचं ठरवलंत, तर एक पेपर वाचावाच लागेल. कार्डिफ विद्यापीठातले राइट, लीझ, बेनेडिक्ट, टास्कर आणि क्रिप्स यांचा, आयट्रिपलईच्या मायक्रोवेव्ह ट्रान्झॅक्शन्समध्ये डिसेंबर 2009 ला आलेला. दावा असा : 10 वॅटचा, बाजारात मिळणारा गॅलियम नायट्राइड ट्रान्झिस्टर, पहिल्या डिझाइनमध्ये 50 टक्के बँडविड्थवर 60 ते 70 टक्के ड्रेन एफिशिअन्सी, दुसऱ्यात पट्टा 1.4 ते 2.6 गिगाहर्ट्झ.

हे आपल्याला का महत्त्वाचं? भूम-परांड्याकडचा एखादा टॉवर डोळ्यांसमोर आणा. अॅम्प्लिफायरने 40 वॅट बाहेर टाकायचे आहेत. एफिशिअन्सी 40 टक्के असेल तर 100 वॅट खाणार आणि 60 वॅटची नुसती उष्णता. तीच 60 टक्के झाली, तर उष्णता 27 वॅटच्या आसपास. मे महिन्यातलं ऊन आणि लाईट गेल्यावरची बॅटरी, दोन्हींचा हिशोब इथेच ठरतो.

आता मूळ कल्पना. क्लास-बी कागदावर 78.5 टक्के देतो, पण त्यासाठी सगळे हार्मोनिक शॉर्ट हवेत. एका फ्रिक्वेन्सीला हे जमतं. रुंद पट्ट्यात नाही. क्लास-जे म्हणतो, दुसरा हार्मोनिक शॉर्ट कशाला? त्याला रिअॅक्टिव्ह लोड द्या आणि मूळ फ्रिक्वेन्सीच्या लोडमध्येही तेवढाच हिशोबाने रिअॅक्टन्स घाला. एफिशिअन्सी तीच राहते. शिवाय ट्रान्झिस्टरची स्वतःची आउटपुट कपॅसिटन्स, जी एरवी डोकेदुखी असते, तीच इथे कामाला येते. पेपरची खरी ताकद ही आहे.

पण थांबा, फुकट काही नाही. क्लास-बीमध्ये ड्रेनवरचं शिखर व्होल्टेज सप्लायच्या दुप्पट. पूर्ण क्लास-जेमध्ये सुमारे 2.9 पट. 28 व्होल्टला 81 च्या पुढे. गॅलियम नायट्राइड हे सोसतं, म्हणून गोष्ट जमली. हीच थिअरी कमी ब्रेकडाउनच्या ट्रान्झिस्टरवर जशीच्या तशी नेऊ नका.

आता आकड्यांकडे बघा. पहिलं, 'ड्रेन एफिशिअन्सी' इनपुटला दिलेली पॉवर मोजत नाही. गेन 10 डीबी धरला, तर 65 टक्क्यांचे पॉवर-अॅडेड हिशोबात 58.5 उरतात. दुसरं, हा आकडा जवळपास पूर्ण ताकदीवरचा. फोर-जीचा सिग्नल सरासरीने त्याच्या बराच खाली चालतो. आदर्श क्लास-बीसुद्धा 6 डीबी खाली आला की 39 टक्क्यांवर येतो, आणि क्लास-जे याला अपवाद नाही. म्हणजे टॉवरच्या वीजबिलात 70 टक्के दिसणार नाहीत.

तिसरं म्हणजे पट्टा. 1.4 चा दुसरा हार्मोनिक 2.8, आणि पट्टा संपतो 2.6 ला. जेमतेम 0.2 ची फट! पट्टा एका ऑक्टेव्हच्या पुढे गेला की खालच्या टोकाचा हार्मोनिक थेट पट्ट्यातच शिरतो. मग एकाच फ्रिक्वेन्सीला रेझिस्टिव्ह लोडही हवा आणि रिअॅक्टिव्हही. 700 पासून 2300 मेगाहर्ट्झपर्यंत एकच अॅम्प्लिफायर हवा असेल, तर नुसत्या क्लास-जेने भागणार नाही. तुमच्या थिसिसची जागा मला इथे दिसते.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. पहिलं डिझाइन थिअरी आणि सिम्युलेशनवर झालं. दुसरं, सुधारलेलं, अॅक्टिव्ह हार्मोनिक लोड-पुल आणि वेव्हफॉर्म मोजणीच्या जोरावर. लेखकांनी हे लपवलेलं नाही, त्याबद्दल त्यांना मानलं पाहिजे. पण शीर्षकातला 'मेथडॉलॉजी' हा शब्द त्यामुळे अर्धाच खरा ठरतो. अशी मोजणीची यंत्रणा जिल्ह्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कुठून येणार? पद्धत सगळ्यांना वापरता यायला हवी, यंत्र असलेल्यांनाच नव्हे.

म्हणून निराश होऊ नका. उलट पहिल्या डिझाइनलाच लक्ष्य करा : चांगलं ट्रान्झिस्टर मॉडेल मिळवा, सिम्युलेशनमध्ये वेव्हफॉर्म पॅकेजच्या आत, करंट सोर्सपाशी बघा, आणि तेवढ्यावर किती जवळ जाता येतं ते प्रामाणिकपणे मांडा. प्रपोजलमध्ये '70 टक्के' लिहिण्याआधी समोर चार गोष्टी लिहा : कोणती एफिशिअन्सी, किती पॉवरवर, कोणत्या सिग्नलला, किती पट्ट्यात. व्हायवाला पहिला प्रश्न बहुधा यातलाच येतो.