मूळ प्रत आणि प्रक्षेप : एका जुन्या कूपेच्या चाकांचा वाद

जुन्या ग्रंथाची मूळ संहिता कोणती आणि त्यात मागाहून घुसलेला भाग कोणता, हा प्रश्न मराठी अभ्यासकाला नवा नाही. एकनाथांनी १५८४मध्ये केलेल्या ज्ञानेश्वरीच्या पाठशुद्धीपासून भांडारकर संस्थेच्या महाभारतापर्यंत त्याची मोठी परंपरा आहे. हाच प्रश्न जुन्या स्पोर्ट्स कूपे बाळगणाऱ्यांच्या जगातही तितक्याच तावातावाने लढवला जातो. तिथे ओव्यांच्या जागी चाके असतात आणि पाठभेदांच्या जागी स्प्रिंगा, एवढाच फरक.

वादातले दोन्ही पक्ष ठरलेले आहेत. एक म्हणतो, कारखान्यातून निघाली तशीच गाडी ठेवा. चाकाची रिम बदललीत की ती गाडी राहिली नाही. दुसरा म्हणतो, गाडी चालवण्यासाठी असते. पन्नास वर्षांत टायर, शॉक ॲब्सॉर्बर आणि रस्ते बदलले, मग गाडीनेच का बदलू नये? दोघांच्याही बोलण्यामागे एक समान गृहीत आहे. ‘मूळ’ नावाची एकच, स्थिर, निर्विवाद अवस्था होती असे दोघेही मानतात. एक तिची पूजा करतो, दुसरा ती ओलांडू पाहतो. प्रस्तुत लेखात हे गृहीत डॅटसन २४०झेड या गाडीच्या आधारे तपासायचे आहे.

छापील संहिता

निस्सान कंपनीने ही दोन आसनी कूपे १९६९च्या ऑक्टोबरात जपानमध्ये ‘फेअरलेडी झेड’ नावाने सादर केली. अमेरिकेत ती ‘डॅटसन २४०झेड’ झाली. तिच्या रेखाटनाचे नेतृत्व योशिहिको मात्सुओ यांनी केले. अमेरिकी बाजारासाठी अशी गाडी हवी असा आग्रह कंपनीचे तिथले प्रमुख युताका काटायामा यांनी धरला होता. निर्यातीच्या गाडीत सहा सिलिंडरचे २.४ लिटरचे इंजिन होते. पुढे-मागे चारही चाकांना स्वतंत्र स्ट्रट सस्पेन्शन होते. स्ट्रट म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकत्र धरणारा उभा खांब. युरोपातल्या स्पोर्ट्स गाड्यांच्या तोडीची ही रचना अमेरिकेत ३,५२६ डॉलरना मिळत होती.

चाके मात्र साधी होती. चौदा इंच व्यासाची, जेमतेम साडेचार इंच रुंदीची पोलादी रिम, वर झाकणी आणि १७५ मिलिमीटरचा टायर. लांब बॉनेट आणि मागे उतरत जाणारे छप्पर यांच्याखाली ही चाके बारीक दिसतात. बदलाच्या बाजूचा माणूस इथेच बोट ठेवतो : हा कलाकाराचा हेतू नव्हता, हिशेबनिसाची काटकसर होती, रुंद चाके बसवून आम्ही रचनाकाराचेच काम पुरे करतो.

युक्तिवाद आकर्षक आहे आणि साहित्याच्या वाचकाला ओळखीचाही. ‘लेखकाला खरे तर असे म्हणायचे होते’ असे सांगत संहिता दुरुस्त करणारा संपादक हेच करतो. पण छापलेल्या ग्रंथात लेखकाच्या हेतूबरोबर प्रकाशकाची ऐपत, कागदाची टंचाई आणि त्या काळाची रुचीही असते. १९६९मध्ये ३,५२६ डॉलरमध्ये काय बसत होते आणि काय नाही, याची नोंद त्या साडेचार इंची रिममध्ये आहे. ती पुसली की गाडी कदाचित देखणी होईल, पण तिच्यातला एक पुरावा जाईल. पुरावा जाणे ही हानी आहे. ती पत्करायची की नाही हा पुढचा प्रश्न.

जन्मतःच फुटलेले पाठ

आता मूळ-पक्षाकडे वळू. गाडी बाजारात आली तशीच ‘खरी’, असे म्हणावे, तर निर्मात्याच्या आशीर्वादाने पहिल्या दोन-तीन वर्षांतच तिचे अनेक पाठ तयार झालेले दिसतात.

अमेरिकेत पीट ब्रॉक यांच्या संघाने हीच गाडी जमिनीलगत बसवून आणि रुंद चाके लावून शर्यतीत उतरवली. तिच्यावर जॉन मॉर्टन यांनी १९७० आणि १९७१ अशी दोन वर्षे आपल्या वर्गातले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्याच सुमारास पूर्व आफ्रिकेत सफारी रॅलीसाठी तीच गाडी नेमकी उलट दिशेने बदलली गेली : चिखल आणि खड्ड्यांसाठी उंच केलेली, पोटाखाली संरक्षक पत्रे लावलेली. १९७१ची सफारी एडगर हेरमान यांनी या गाडीत जिंकली, तर १९७३ची शेखर मेहता यांनी. मेहता युगांडात जन्मलेले, भारतीय वंशाचे. त्या वर्षी त्यांचे आणि दुसऱ्या एका डॅटसनमधल्या हॅरी शेलस्ट्रॉम यांचे दंडगुण सारखे झाले होते. विजेता बरोबरी फोडण्याच्या नियमाने ठरवावा लागला.

जपानमध्ये तर कंपनीनेच १९७१च्या अखेरीस ‘२४०झेडजी’ विक्रीला काढली. लांबवलेले नाक आणि चाकांच्या कमानींवर बाहेरून ठोकलेले रुंद पट्टे ही तिची ओळख. ज्या पट्ट्यांना आज कुणी ‘बाजारू फेरफार’ म्हणेल, ते या गाडीत कारखान्याचेच आहेत.

म्हणजे एकच सस्पेन्शन एका खंडात खाली बसवले गेले आणि दुसऱ्या खंडात वर उचलले गेले. दोन्हींना यश मिळाले. विक्रीची गाडी या दोन टोकांमधली तडजोड होती. यावरून ‘मूळ असे काही नसतेच’ हा सोयीचा निष्कर्ष कुणी काढेल, पण तो चूक आहे. विक्रीची प्रत हाही एक पाठ आहे, आणि इतर पाठ ओळखायला आधार म्हणून तीच लागते. तिचे महत्त्व आधारप्रतीचे आहे. तिला पवित्र मानण्याची गरज नाही.

बदलाचे व्याकरण

फेरफार वाईट होतो तो बहुधा आधारप्रत नीट न वाचता केल्यामुळे. कमी उंचीच्या स्प्रिंगा घालून गाडी दोन इंच खाली आणली की ती अधिक स्थिर होईल, असा समज असतो. स्ट्रटच्या रचनेत गोष्ट इतकी सरळ नाही. चाकाला खालून धरणारा आडवा दांडा मुळात बाहेरच्या दिशेने किंचित उतरता असतो. गाडी खाली आली की तो सपाट होतो, आणखी खाली आली की उलटा चढू लागतो. वळणावर गाडी ज्या काल्पनिक केंद्राभोवती कलते, ते केंद्र यामुळे गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली घसरते. दोहोंतले अंतर वाढते, आणि खाली बसवलेली गाडी जास्त कलू पाहते. ते रोखायला स्प्रिंग आणखी कडक करावी लागते. स्टीअरिंगचे दांडेही तिरके होतात. मग खड्ड्यावर चाक आपोआप थोडे वळते. त्यावर उपाय म्हणून स्ट्रटच्या तळाशी जाड चकती घालून कोन पूर्ववत करतात. एक शब्द बदलला की वाक्याचे लिंग-वचन बदलत न्यावे लागते, तसा हा प्रकार.

टायरचेही असेच. जुन्या १७५च्या टायरची बाजूची भिंत सुमारे चौदा सेंटिमीटर उंच. ती स्वतःच स्प्रिंगचे काम करते. त्याऐवजी सोळा इंची रिमवर २०५/५५ मापाचा टायर घातला तर बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, वेगमापकही फारसा चुकत नाही. पण भिंत अकरा सेंटिमीटरवर येते. पकड वाढते, वळण नेमके होते. मात्र बारीक टायर कमी वेगात, हळूहळू, चालकाला सांगत घसरतो. रुंद टायर बराच वेळ धरून ठेवतो आणि मग कमी सूचना देऊन सुटतो. वाढलेला ताण बुश, बेअरिंग आणि जुन्या पत्र्यावर येतो. रिम फार बाहेर काढली तर स्टीअरिंग जड होते आणि खड्डा हाताला झटका देतो. यातले काहीही निषिद्ध नाही. पण गाडीची बोली बदलते हे कबूल करून ते करावे.

‘जसेच्या तसे’ची मर्यादा

मूळ राखण्यालाही एक अवघड बाजू आहे. रबराचे बुश वाळतात, शॉक ॲब्सॉर्बरचे तेल गळते, टायर न झिजताही कालबाह्य होतो. त्यामुळे रस्त्यावर चालणारी कुठलीही ‘मूळ’ २४०झेड अंशतः नवीच असते. एकही भाग न बदललेली गाडी हवी असेल, तर ती उभी ठेवावी लागेल. आणि उभ्या गाडीत रस्त्याशी तिचे नाते कसे होते, ही मूळ गोष्टच हरवते.

ऑस्ट्रियन कलाइतिहासकार आलोइस रीगल यांनी स्मारकांविषयीच्या १९०३च्या निबंधात हा पेच मांडला होता. वस्तूचे वय दिसण्याचे मूल्य, तिचे ऐतिहासिक मूल्य आणि तिच्या वापराचे मूल्य एकमेकांशी भांडतात. एकाला पूर्ण न्याय दिला की दुसऱ्यावर अन्याय होतो. गाडीच्या बाबतीत या भांडणात बाजार आणि कायदाही उतरतात. जानेवारी २०२०मध्ये अमेरिकेतल्या एका लिलावात जवळजवळ अस्पर्श राहिलेली २४०झेड ३ लाख १० हजार डॉलरना गेली. तेव्हापासून मूळ रिम हा संशोधनाइतकाच गुंतवणुकीचा विषय झाला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ लावताना उत्पादकाच्या मूळ तपशिलालाच प्रमाण मानले. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या नोंदणीसाठी २०२१मध्ये आलेल्या नियमांतही चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. बाजाराची कसोटी दुर्मीळता, कायद्याची कागद. समीक्षेला तिसरी कसोटी शोधावी लागते.

चिकित्सक आवृत्तीचा धडा

ती कसोटी पुण्यातच सापडते. भांडारकर संस्थेने १९१९मध्ये हाती घेतलेली आणि १९६६मध्ये पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पाहावी. वि. स. सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असंख्य श्लोक मुख्य संहितेतून वगळले, पण फेकले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत छापले. संपादकाचा निर्णय पटला नाही तर वाचकाला मागे जाता येते. त्या आवृत्तीची विश्वासार्हता निर्णय अचूक असण्याइतकीच तो तपासता येण्यात आहे.

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२मध्ये स्वीकारलेली टुरिन सनद वेगळ्या वाटेने याच ठिकाणी पोचते : काळाबाहेरचे बदल बेताचे असावेत, उलटवता येण्यासारखे असावेत आणि काढलेले मूळ भाग गाडीसोबत जपावेत.

या कसोटीवर २४०झेडचे फेरफार तपासले की वादाची रेषाच सरकते. रुंद रिम आणि नवे टायर चार नट सोडून परत बदलता येतात. हा पाठभेद आहे. वेगळ्या स्प्रिंगा आणि स्ट्रटच्या नळीतला नवा शॉक ॲब्सॉर्बर हाही पाठभेदच. पण उंची कमी-जास्त करणारा संच बसवण्यासाठी मूळ स्ट्रटची नळी कापून आखूड करणे, तिच्यावरची स्प्रिंगची बैठक कापून नवी वेल्ड करणे, किंवा रुंद चाकांसाठी मडगार्डचा पत्रा छाटणे म्हणजे हस्तलिखितावर खोडरबर चालवणे. दिसायला पहिला बदल भडक आणि दुसरा अदृश्य असू शकतो. हानी मात्र दुसऱ्यात आहे. ज्याला कापायचेच आहे त्याने दुसरे स्ट्रट मिळवून ते कापावेत आणि मूळ जोडी जपावी. पत्र्याला असा पर्याय नसतो.

या भूमिकेवर एक आक्षेप योग्य आहे : काही अपरिवर्तनीय बदलच पुढे इतिहास होतात. ब्रॉक यांच्या संघाची गाडी आज कुणी ‘मूळ’ अवस्थेत आणली तर तो विध्वंस ठरेल. मिचिहारू कुसुनोकी यांच्या ‘वांगान मिडनाइट’ या १९९०पासूनच्या चित्रकथेची नायिका म्हणावी अशी निळी झेडही फेरफार केलेलीच आहे. तिने एका पिढीला ही गाडी ओळखीची करून दिली. म्हणून १९७०च्या दशकात कुणी बसवलेली रुंद चाके आज काढून टाकण्याआधीही तीच चिकित्सा हवी. प्रक्षेप जुना झाला की तोही साक्षीदार होतो.

तेव्हा मालकाला विचारायचा प्रश्न ‘गाडी मूळ आहे का?’ हा नाही. काय बदलले, कधी, का, आणि काढलेले भाग कुठे आहेत, हे त्याला सांगता येते का, असे विचारावे. माळ्यावरच्या खोक्यात चार पोलादी रिमा, त्यांच्या झाकण्या, जुन्या स्प्रिंगा आणि तारखांसह लिहिलेली एक वही असेल, तर रस्त्यावरची गाडी कशीही दिसो, तिची संहिता शाबूत आहे.